साळुंकीने नेलेला निरोप

त्या मुलखात प्राण्यांचे दोनच प्रकार होते. काही कुंपणात राहत, काही डोंगरात. कुंपणातल्यांना दाणापाणी जागेवर मिळे, त्यामुळे पळण्याचं त्यांना काही कारण उरलं नव्हतं. डोंगरातल्यांना ते शोधावं लागे, म्हणून ते दिवसभर पळत. दोन्हीकडचे एकमेकांची मनापासून कीव करत आणि त्यात दोघांचंही बरं चाललं होतं.

पण ज्याला पळावं लागत नाही, त्याच्या पायांना कधी ना कधी खाज सुटतेच. माळावरचे ससे दिवसभर एका जागी बसून दाणे निवडायचे. अंगाला माती म्हणून लागायची नाही. त्यांना सगळे पांढरपेशेच म्हणत. त्यांच्यातला धवलराव नावाचा एक वयस्क ससा एकदा उठला, डोंगराकडे बघत म्हणाला, "आयुष्य बुडाखाली घालून बसलोय की मी!" आणि असं म्हणणारा तो एकटाच नव्हता.

डोंगरावर सोनकी नावाची भेकरी राहायची. तिने हे हेरलं. तिचा जोडीदार काटेराव नावाचं साळिंदर. दोघांनी मिळून एक लहानसा धंदा काढला: कुंपणातल्यांना डोंगराच्या धारेवर पळायला न्यायचं. धारेवरून कड्यापर्यंत जाणारी एक पाऊलवाट सोनकीने स्वतः शोधली होती. दोन्ही बाजूंना दरी, मधे वारा आणि टोकाला इतकं आभाळ, की पहिल्यांदा येणारा पळायचं विसरून उभाच राही. सोनकी पुढे पळायची आणि काटेराव सगळ्यांच्या मागे. ही व्यवस्था काटेरावची. मागे साळिंदर असलं की वाटेत कोणी बसत नाही, हे त्याला अनुभवाने ठाऊक होतं. कड्यावर पोचलं की तो सर्वांना वाळवलेली करवंदं वाटायचा आणि "आता बसा हो, आता मी टोचत नाही" असं म्हणायचा. येणारे बदल्यात पेंड नि दाणे आणत. दोघांचं पोट त्यावर चाले.

हळूहळू नेहमीचे गडी ठरून गेले. धवलराव तर होताच. लोकरबाई नावाची एक मेंढी यायची, जिला बोलल्याशिवाय पळता येत नसे. आणि तेलोबा, घाण्याचा बैल. तो पहिल्या दिवशी आला तेव्हा सोनकीने विचारलं, "काका, तुम्ही तर रोजच चालता. तुम्हाला कशाला हवंय हे?" तेलोबा म्हणाला, "पोरी, एकदा सरळ जायचंय मला."

वाटेची गोष्ट अशी, की ती पायांवर जगते. धारेवर दोन्हीकडून कारवीचं रान टपलेलं होतं. पाय पडत राहिले तर कारवी बाजूला उभी राहते, नाहीतर एका पावसाळ्यात आत शिरते. सोनकीला हे माहीत होतं, पण काळजी नव्हती. एवढे पाय येत होते!

मग साथ आली. श्वासाची साथ. एकाचा श्वास दुसऱ्याला लागला की दुसरा आडवा व्हायचा, आणि सगळेच काही परत उठत नव्हते. कोण कुणाला देतंय हे दिसायची सोय नव्हती, म्हणून जो तो दुसऱ्याकडे वैऱ्यासारखं बघू लागला. दरबारातून हत्तीने दवंडी पिटवली: ज्याने त्याने आपापल्या कुंपणात राहावं, डोंगरातल्यांनी डोंगरात. फाटकांवर लांडगे बसवले. आता लांडग्यांना मेंढरांच्या जिवाची काळजी सोपवायची म्हणजे कमालच, पण वेळच तशी होती आणि बोलणार कोण?

सुरुवातीला सोनकी म्हणाली, "काही नाही, चार दिवसांचं आहे." काटेराव साठवलेली पेंड थोडी थोडी काढत राहिला.

आसपासच्या धंदेवाल्यांनी झटपट कूस बदलली. नदीवर होडीची सफर घडवणारं पाणमांजर मासे पोचवू लागलं. पलीकडच्या डोंगरातल्या कोल्ह्याने तर हद्द केली. तो पोकळ वेळूत कड्यावरचा वारा भरायचा, दोन्ही तोंडांना लाख लावायचा आणि "घरबसल्या डोंगर" म्हणून कुंपणापाशी ठेवून यायचा. खपही चांगला होता म्हणे! काटेराव एकदा दबकत म्हणाला, "आपणही वेळू कापूया का गं? वारा आपल्याकडचा जास्त चांगला आहे."

"वारा विकायचा?" सोनकी भडकली. "वारा लागायला आधी घाम यावा लागतो, काटेराव. बसल्या जागी घेतला तर तो नुसता पंखा."

"घाम आपल्याला येतोय खरा," काटेराव म्हणाला. "पेंड संपत आलीये."

त्याचं काही चुकत नव्हतं, हेच तिला जास्त लागलं.

तेव्हा तिने ठरवलं, निदान निरोप तरी पाठवावा. नेहमीचे गडी वाऱ्यावर सोडले तर साथ संपल्यावर कुठल्या तोंडाने बोलवायचं? उडणाऱ्यांना बंदी नव्हती, पण कुणाच्या कुंपणावर बसायचं नाही असा नियम होता. तिने एका साळुंकीला गाठलं आणि निरोप सांगितला: "म्हणावं, सोनकी आणि काटेराव इथेच आहेत, कुठे गेलेले नाहीत. जिवाला जपा. पायांची सवय मोडू देऊ नका. साथ ओसरली, फाटकं उघडली, की थेट धारेवर या, वेगळं बोलावणं येणार नाही. तोवर वाट बघा."

साळुंकी शहाणी होती, पण एवढा लांबलचक निरोप उडता उडता ओरडायचा म्हणजे तिच्या तरी गळ्याचं काय होणार? पहिल्या कुंपणावर तिने अर्धा सांगितला. दुसऱ्यावर त्याच्या अर्धा. पुढे वारा उलटा झाला आणि तिने शेवटचे दोनच शब्द धरले. माळभर तेवढेच ऐकू गेले: "वाट बघा! वाट बघा!" परत येऊन ती म्हणाली, "सगळ्यांना सांगितलं," आणि यात तिच्या मते काही खोटं नव्हतं.

पावसाळा आला. सोनकी रोज एकटीच धारेवर पळायची. वाट जागी ठेवायची, एवढाच हेतू. पण एका भेकरीचे खूर ते केवढे! ती एका टोकाला असेपर्यंत दुसऱ्या टोकाला कारवी बोटभर वाढलेली असायची. आधी वळणं गेली. मग खिंडीतला तुकडा गेला. एका सकाळी कड्याजवळ ती स्वतःच चुकली आणि रानात अडकून उभी राहिली. ही वाट तिने शोधली होती, डोळे मिटून पळायची ती. तिथेच तिला रडू आलं, मोठ्याने, आणि ऐकायला कोणी नव्हतं हे बरंच झालं.

पुढे साथ ओसरली. दरबाराने दवंडी फिरवली, लांडगे उठले, फाटकं उघडली.

सोनकी आणि काटेराव धारेच्या तोंडाशी जाऊन बसले. करवंदं वाळवून तयार होती. पहिल्या दिवशी कोणी आलं नाही. "भीती असेल अजून," सोनकी म्हणाली. पुढच्या दिवशीही नाही. पौर्णिमा होऊन गेली तरी माळावरून एक कान वर येताना दिसला नाही.

शेवटी काटेराव म्हणाला, "सोनके, मला खालच्या सुरणाच्या वाफ्यांवर राखणीला बोलावलंय. पोटाला मिळेल. तुलाही घेतील ते." तो तिच्याकडे बघत नव्हता. "लोकांना सवय लागते गं बसायची. त्यांचा काय दोष?"

"जा तू," ती म्हणाली. "मी एकदा खाली जाऊन येते. निरोप मी पाठवला होता, मोडायलाही मीच जायला हवं. सांगून येते, वाट राहिली नाही, आता बघू नका म्हणून."

ती माळावर उतरली तेव्हा ऊन चढलं होतं. फाटकं उघडी होती, पण बाहेर कोणी नव्हतं. धवलरावाच्या दारात ती लांबच उभी राहिली. साथीने ही सवय सगळ्यांनाच लावली होती. धवलराव बाहेर आला. ती दचकलीच. त्याचं पांढरंशुभ्र अंग गुडघ्यापर्यंत मातीने माखलं होतं आणि पोट कुठल्या कुठे गेलं होतं.

"आलीस!" तो ओरडला. "अगं किती वेळ लावलास!"

"मी?" सोनकीला कळेना. "फाटकं उघडून किती दिवस झाले, काका. तुम्ही आला नाहीत."

"बोलावलंस कुठे तू? वाट बघा म्हणालीस. बघतोय."

"मी म्हटलं होतं, फाटकं उघडली की या..." ती मधेच थांबली. तिला ती साळुंकी आठवली आणि डोक्याला हात लावावासा वाटला.

"तेवढं काही आलं नाही आमच्यापर्यंत," धवलराव म्हणाला. "वाट बघा, एवढंच आलं. आता तू काही वायफळ सांगणारी नव्हेस. आम्ही एकमेकांना कुंपणावरून विचारलं, वाट बघा म्हणजे करायचं काय? अंगणात बघायला वाट आहे कुणाच्या? लोकरबाई म्हणाली, नसेल तर पाडा की! तिचंच डोकं ते."

"लोकरबाई कुठे आहेत?"

धवलरावाचे कान खाली आले. "ती गेली गं. साथ आली त्याच पावसात."

मग सोनकीने मनाचा हिय्या केला. "काका, मी एक सांगायला आले होते. धारेवरची वाट मोडली. कारवीने खाल्ली सगळी. आता तिथे न्यायला माझ्याकडे काही नाही."

धवलरावाने ते ऐकलं की नाही कोण जाणे. तो कडब्याच्या गंजीकडे निघाला होता. "वर चढ आधी," तो म्हणाला. "इथून कळायचं नाही तुला."

ती गंजीवर चढली. वरून सगळा माळ दिसत होता, एकाला एक लागलेली कुंपणं. प्रत्येक अंगणात हिरवळ होती आणि प्रत्येक हिरवळीत मातीचा एक पट्टा उघडा पडला होता, कुंपणाच्या आतून फिरून परत स्वतःलाच मिळालेला. सशांचे पट्टे अरुंद, बकऱ्यांचे रुंद. ज्यांची नावंही तिला ठाऊक नव्हती त्यांच्याही अंगणात ते होते. लोकरबाईचा पट्टा अर्ध्यावर सुटला होता आणि त्यावर हरळी चढली होती. तेलोबाच्या अंगणात तर फेरा नव्हताच. भिंतीपासून कुंपणापर्यंत एक सरळ रेघ होती, खोल, जाऊन येऊन रुतलेली.

सोनकी बघत राहिली. या फेऱ्यांमधे तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. जरा वेळाने तिच्या लक्षात आलं. त्यातला एकही गोल नव्हता. सगळे एकाच बाजूला ओढल्यासारखे लांबले होते, आणि त्या बाजूला प्रत्येकाचं कुंपण खांद्यांनी घासून घासून बाहेर कललं होतं. ती बाजू कुठली, म्हणून तिने मान वळवली. समोर धार होती.