बारा बदकं आणि एकोणीस रकाने

“अख्ख्या अंबानेरात माझ्याइतका चोख हिशेब कुणाचा न्हाई!” म्हाळू कुंभार छाती काढून म्हणाला. मग मान खाली घालून पुढं म्हणाला, “म्हंजे बारापत्तुर. गाढवावर बाराच मडकी बसत्यात, म्हून तेराव्याची गरजच पडली न्हाई कधी.”

दरबार हसला. राजे मानाजीराव हसले नाहीत. त्याच सकाळी त्यांचं सहावं बदक मेलं होतं!

आता राजाच्या पागेत घोडे होते, दारात हत्ती होता. पण जीव कशात अडकावा हे हुकमानं थोडंच ठरतं? या राजाचा जीव वाड्यामागच्या तळ्यातल्या बारा पांढऱ्या बदकांत अडकला होता. पहिलं बदक पाय वर करून तरंगलं, तेव्हा वैद्यबुवा म्हणाले, “पाण्यात विष गेलंय.”

गावात विषाला काय तोटा! मुलामा देणाऱ्यांचा पारा, सोनारांचं तेजाब, रंगाऱ्यांचं निळंजांभळं पाणी. जिकडं उतार तिकडं सगळं वाहायचं. राजानं नियम केला, आणि खोटं कशाला बोला, चांगला केला. असलं पाणी पक्क्या भाजलेल्या मडक्यांत भरायचं, गावाबाहेरच्या दगडी खड्ड्यात नेऊन ओतायचं आणि दर मडक्यामागं दफ्तरात चार रकाने भरायचे: कुणाचं? काय? किती? कुठं ओतलं? मडकी म्हाळूची, गाढव म्हाळूचं, म्हणून कामही म्हाळूच्याच गळ्यात.

तरी दुसरं बदक मेलं. राजानं तीन रकाने वाढवले. तिसरं मेलं, आणखी तीन! असं करत करत सहाव्या बदकाला रकाने झाले एकोणीस. त्यात गाढवाचा रंग होता, वाऱ्याची दिशा होती, आणि वाटेत कोण शिंकलं त्याचं नावसुद्धा होतं.

“म्हाळ्या,” राजा गरजला, “कुठलं तरी मडकं तू नोंदीवाचून ओततोस! ही वही घे. जे विष या वहीत नोंदलेलं नाही, ते मला याच वहीत दाखव. तीन दिवस देतो. नाहीतर बायको, गाढव आणि चाक घेऊन नदीपलीकडं चालता हो!”

“नोंदलेलं न्हाई ते वहीत दावू?”

“दाखव!”

घरी हे ऐकून त्याच्या बायकोनं, कोंडाबाईनं, कपाळावर हात मारला. “अवं, तुमाला नोंदलेलंच वाचता येईना, न नोंदलेलं काय वाचनार?”

“तेच तर! पंडिताला जड जाईल, मला दोन्ही सारखंच.”

पण हसून भट्टी वाचते का? बापानं बांधलेली भट्टी, नदीकाठची ती चिकणमाती... दोन दिवस म्हाळूच्या घशाखाली भाकरी उतरली नाही. वही मात्र रोज वाड्यातल्या दफ्तरातच भरायची होती, म्हणून तो रोज तिथं गाढव घेऊन उभा राहायचा. दफ्तरदार विसाजीपंत एकोणीस रकाने भरायचे. भरताना चुकायचे. चुकले की “च्च!” करायचे. शेजारच्या वाटीत हरताळाचा पिवळा गोळा पाण्यात घोटलेला असायचा. त्यात कुंचला बुडवायचा, चुकीच्या अक्षरावर फासायचा, वाळला की त्यावर नवं अक्षर. संध्याकाळी वाटी धुवायची आणि पाणी खिडकीतून मागं भिरकावायचं!

त्या खिडकीखाली कोवळं गवत होतं. म्हाळूचं गाढव म्हणजे मालकाचं धोतर खाणारं, देवळातली तोरणं खाणारं. पण त्या गवताला तोंड लावीना. म्हाळूनं दोनदा ढकललं, गाढवानं दोनदा लाथ मारली. म्हाळूनं खाली वाकून पाहिलं. खिडकीपासून एक बारीक पिवळा ओघळ निघाला होता आणि थेट तळ्याकडं गेला होता.

त्या दिवशी म्हाळूनं चार भाकऱ्या खाल्ल्या.

तिसऱ्या दिवशी भर दरबारात त्यानं वही उघडली, ती उलटी!

“अरे कुंभारा, सरळ धर!” विसाजीपंत खेकसले.

“सरळ धरून तरी काय, पंत? वाचता येनाऱ्याला काळं दिसतंय. मला येत न्हाई, म्हून पिवळं दिसलं.” त्यानं पान राजासमोर धरलं. पानभर पिवळे डाग, जणू वहीला कावीळ झालेली. “नोंदलं न्हाई ते वहीत दावा म्हनाला न्हवं? हे बघा. वैद्यबुवा, हे चाटनार का?”

“छे छे! हरताळ तो! जहर! सोमलाचा सख्खा भाऊ!” वैद्यबुवा दोन पावलं मागं सरले.

“पंत, तुमच्याच वहीतलं इचारतो. कुनाचं?”

“द... दफ्तराचं.”

“किती?”

“आधी बोटभर. आता रोज वाटीभर.”

“कुठं ओतलं?”

पंतांनी दफ्तराच्या खिडकीकडं पाहिलं, आणि तळ्याकडं बघायचं तेवढं टाळलं.

“महाराज,” म्हाळू म्हणाला, “पयलं बदक गावानं मारलं. पर पुढं बदक मेलं की रकाने वाढले, रकाने वाढले की चुका वाढल्या, चुका वाढल्या की हरताळ वाढला, अन् हरताळ वाढला की बदक मेलं!”

राजाच्या कपाळावर आठी चढली. “म्हणजे माझी पाच बदकं मारली कुणी?”

“ते बारापुढचं गनित हाय, सरकार. मला येत न्हाई.”

मग राजा असा हसला की पगडी मांडीवर आली! तीच त्यानं उचलून म्हाळूच्या डोक्यावर ठेवली. गाढवाला वाड्यामागचं कुरण जन्मभर मोकळं केलं. म्हाळूनं आणखी एक मागितलं, तेही दिलं: “आजपासून रकाने चारच! विसाजीपंत, बाकीचे पंधरा खोडा, आत्ताच्या आत्ता!”

पंतांनी वही पुढं ओढली, कुंचला उचलला आणि तो हवेतच धरून विचारलं,

“खोडतो की, महाराज. कशानं खोडू?”