महाद्वारात अडकलेली मिशी

एका राज्यावर शाप आला, तो सेनापती रणकेतूमुळे. उगाच गूढ कशाला ठेवा? दोष त्याचाच.

घोडदळाचा नायक वज्रबाहू लढाईत शूर, छावणीत हलकट. त्याने तिरंदाज कनकीला तंबूत गाठून तिच्या अंगावर हात टाकला. ती सेनापतीकडे गेली.

सेनापती म्हणाला, "सैन्याच्या अब्रूचा प्रश्न आहे, बाई. गप्प राहा."

तिचं धनुष्य काढून घेतलं, तिला हत्ती धुवायला धाडलं, आणि वज्रबाहूला नवा घोडा दिला. त्याच क्षणी सेनापतीची मिशी हातभर वाढली.

हा शाप होता. पण त्या सैन्यात मान मिशीच्या लांबीवर ठरे, मुजराही मिशीलाच होई. म्हाताऱ्या सरदारांनी माना डोलावल्या, राजाने मोत्यांचा तुरा दिला. मग दुसऱ्या बाईची तक्रार दाबली, मिशी जमिनीला टेकली. तिसरीची दाबली, मिशीला वेगळी पालखी लागली.

एके सकाळी शत्रू चालून आला. महाद्वार लावायला गेले, तर मधे मिशी. सोन्याच्या कात्रीने कापली, दुप्पट झाली. करवतीने कापली, चौपट झाली. मांत्रिकाने जाळली, तर धुरालाही मिशी फुटली.

मिशीत घरटं केलेली साळुंकी म्हणाली, "जे दाबलंस, ते सगळ्यांसमोर बोल. हिला दुसरी कात्री चालत नाही."

सेनापती खाकरला. म्हणाला की काही गैरसमज झाले असावेत. मिशीने राजाच्या मानेला वेढा घातला. आता महाराजही नीट ऐकू लागले.

तेवढ्यात कनकी हत्ती घेऊन आली. "महाराज, माझं धनुष्य."

"आधी दार, पोरी."

"दार यांच्या तोंडात अडकलंय. धनुष्य देणं तुमच्या हातात आहे."

राजाने निमूट धनुष्य मागवून तिला दिलं.

सेनापतीने मान खाली घातली. "कनकी खरं बोलत होती. मला ठाऊक होतं. वज्रबाहू मला लढाईला हवा होता, म्हणून हिला गप्प केलं."

मिशीचा एक पेड गळाला. दुसरीचं नाव घेतलं, दुसरा गळाला. तिसरीचं घेताच उरलीसुरली गळून पडली. हत्तींनी ती ओढून काढली, दार लागलं. तटावरून पहिला बाण कनकीचा सुटला, आणि संध्याकाळच्या आत शत्रू पळाला. वज्रबाहू कडब्याच्या गंजीत सापडला, तिथेच त्याला बेड्या पडल्या. मिशीला मुजरा करायची रीत राजाने बंद केली.

रणकेतूचं सेनापतीपद गेलं, तलवार गेली, आणि ओठावर पुन्हा केस उगवला नाही.