सिदोजींची बाज

एके काळी डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या एका गावी दाजीशास्त्री नावाचे वृद्ध वैद्य राहत असत. त्यांच्या हाताला गुण होता आणि जिभेला थोडा तिखटपणा. रोगी त्यांना भीत आणि त्यांच्यावर प्रेमही करीत. मार्तंड हा त्यांचा सर्वांत आवडता शिष्य. त्याचे वडील सिदोजी जन्मभर डोंगर धुंडाळून औषधी मुळ्या आणीत आणि शास्त्रीबुवांना देत. पुढे त्यांनी मुलालाही विद्येसाठी त्यांच्याच स्वाधीन केले.

सिदोजी गेल्याला काही वर्षे लोटली होती. मार्तंड आता विद्येत तयार झाला होता. दूरच्या एका नदीकाठच्या गावाला वैद्य हवा होता. तिथल्या लोकांनी शास्त्रीबुवांना विनंती केली आणि त्यांनी मार्तंडाला जायला सांगितले. गावाने राहायला लहानसे घर देऊ केले आणि न्यायला एक बैलगाडीही पाठवली.

निघण्याच्या दिवशी सकाळी शास्त्रीबुवा निरोप द्यायला आले आणि अंगणातच थबकले. गाडी गच्च भरली होती. तळाशी सिदोजींची लाकडी पेटी होती. तिच्यावर त्यांची बाज, सुंभ तुटून लोंबणारी. बाजेवर बुरूड आळीतून कधीकाळी आणलेल्या भल्यामोठ्या करंड्या, कसर लागलेले घोंगडे, झिजलेल्या वहाणा, मोडक्या दांड्याचा कोयता. मार्तंडाची स्वतःची औषधे एका गाठोड्यात बांधून बाजूला लटकवली होती. मागच्या टोकाला, पेटी आणि बाजेचा पाय यांच्यामध्ये, बोचके ठेवण्याएवढी जागा उरली होती. तिथे मार्तंडाची वृद्ध आई, गंगूबाई, गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. त्याची पत्नी सगुणा गाडीबरोबर पायी चालणार होती.

“बरीच तयारी केलीस,” शास्त्रीबुवा म्हणाले.

“बाबांचं सगळं घेतलंय, गुरुजी,” मार्तंड म्हणाला. “यातलं काही मागे टाकायचं म्हटलं की त्यांनाच टाकून चाललोय असं वाटतं.”

शास्त्रीबुवा वळले आणि घरी गेले. थोड्या वेळाने परतले ते आपला बसायचा चौरंग डोक्यावर घेऊन. “हाही ने. माझी आठवण म्हणून.”

मार्तंड गहिवरला. गुरूंची रोजची बैठक! त्याने करंड्या दाबून चौरंग वर बांधला. तोवर शास्त्रीबुवा पुन्हा गेले होते. या वेळी त्यांनी आपली छत्री आणली. तिच्या काड्या बाहेर आल्या होत्या. ती त्याने घोंगड्यात खोचली. पुढच्या खेपेला पाणी तापवायचा काळाकुट्ट हंडा आला. गाडीवान गोंदा बैलांच्या मानेवरून हात फिरवीत पुटपुटला, “बुवा, चढावर बैल बसतील माझे.” शास्त्रीबुवांना जणू ऐकूच आले नाही.

शेवटी ते धापा टाकीत आले, तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांत दगडी खल होता. साऱ्या गावाची औषधे त्याच खलात कुटली गेली होती. घामाघूम झालेले ते वृद्ध गृहस्थ गाडीच्या मागे उभे राहिले आणि गंगूबाईंकडे पाहून शांतपणे म्हणाले, “वहिनी, जरा खाली उतरता का? हा ठेवायला दुसरी जागा दिसत नाही.”

सगुणाने चमकून नवऱ्याकडे पाहिले. गुरूंनी स्वतःच्या हातांनी आणलेला खल मार्तंडाने नाकारायचा तरी कसा?

गंगूबाई मात्र लगबगीने पदर सावरू लागल्या. “उतरते की, शास्त्रीबुवा. मी चालेन. सकाळचं ऊन काही एवढं लागत नाही.” असे म्हणत त्यांनी एक पाय खाली सोडला. तो जमिनीपर्यंत पोहोचेना. सुजलेला घोटा हवेत चाचपडत राहिला.

मार्तंड धावला. त्याने आईला पुन्हा वर बसवले आणि गुरूंसमोर हात जोडले. “क्षमा करा, गुरुजी. हा खल मला नेता येणार नाही.”

“का रे? माझी आठवण नको तुला?”

“आपली आठवण यायला खल कशाला हवा? नाडीवर बोट ठेवलं की आपणच समोर उभे राहता. ‘घाई करू नकोस, आधी रोग्याचं तोंड बघ’ हे आपलं वाक्य रोज कानात वाजतं. पण या दगडासाठी आईला उन्हात चालवू?”

शास्त्रीबुवांनी खल खाली ठेवला आणि हुश्श केले. “बरं झालं बोललास. आणखी एक खेप मला झेपली नसती.”

मग ते गाडीच्या चाकाला टेकून उभे राहिले. त्यांचा स्वर मऊ झाला. “मार्तंडा, मी तरुणपणी तुझ्या बापाबरोबर डोंगरात जात असे. तो मुळी खणून काढी आणि तिथेच तिची माती झटकून टाकी. एकदा मी म्हणालो, ‘सिदोजी, याच मातीनं हिला वाढवलं, थोडी असू दे.’ तो हसला. म्हणाला, ‘माती इथं राहिली म्हणून तिचे उपकार फिटत नाहीत, शास्त्रीबुवा. पण गुण मुळीत उतरलाय, तेवढाच खाली न्यायचा. नाहीतर मातीच्या ओझ्यानं निम्म्या मुळ्या वर सोडाव्या लागतील.’ तुझ्या बापाचा गुण तुझ्यात उतरलाय. तो घेऊन जा. आणि ज्या माणसावर त्याचा जीव होता ते माणूस नीट बसेल एवढी जागा कर.”

मार्तंड आईजवळ गेला. “आई, मला वाटलं, बाबांची बाज दिसली नाही तर तुला करमणार नाही.”

“मला?” गंगूबाईंना हसू फुटले, डोळ्यांत पाणीही आले. “अरे, ती बाज त्यांना कधी मानवलीच नाही. पाठ धरायची त्यांची. सुंभ बदला, बदला म्हणून घसा कोरडा केला मी. पण तू रोज तिच्यावरून हात फिरवायचास. तुझं मन मोडेल म्हणून मी गप्प राहिले.”

सगुणाने दोरीची गाठ सोडायला घेतली.

पेटी शेजारणीने धान्यासाठी नेली. करंड्या भाजीवाल्यांच्या घरी गेल्या. बाज गोंदाने मागितली. पुन्हा इकडे खेप झाली की उचलेन, नवे सुंभ घालून बापाला देईन, म्हणाला. घोंगड्याला गंगूबाईंनी एकदा गाल लावला आणि ते आपल्याच हातांनी शेजारणीच्या गोठ्यातल्या वासराच्या अंगावर पांघरले. पेटी देण्याआधी रिकामी करताना तिच्या तळाशी सिदोजींची खुरपी निघाली होती. मार्तंडाने तिची धार बोटाने पाहिली आणि ती औषधांच्या गाठोड्यात ठेवली. नव्या गावीही मुळ्या खणाव्या लागणारच होत्या.

“माझा चौरंग तेवढा उतरव,” शास्त्रीबुवा म्हणाले. “संध्याकाळी बसायला लागतो मला. आणि छत्रीही. फाटकी असली तरी एकच आहे.”

मार्तंडाने हसत हसत सगळे त्यांच्या घरी पोहोचवले आणि त्यांच्या पायांवर डोके ठेवले. शास्त्रीबुवांचा हात त्याच्या पाठीवर बराच वेळ राहिला.

गाडी निघाली. गंगूबाई ऐसपैस मांडी घालून बसल्या होत्या. शेजारी सगुणालाही जागा झाली होती. मार्तंड चाकाच्या कडेने चालत होता. गाव मागे पडले, वळणावर डोंगराची उघडी कपार दिसू लागली आणि गंगूबाई एकदम म्हणाल्या, “त्या कपारीत तुझे बाबा एकदा मध काढायला चढले होते. आमचं नुकतंच लग्न झालं होतं. मला मध आवडतो असं कुणीतरी सांगितलं त्यांना. घरी आले ते तोंड एवढं सुजवून. मी ओळखलंच नाही, दारच लावून घेतलं!”

सगुणा खळखळून हसली. मार्तंडाने ही गोष्ट कधी ऐकली नव्हती. इतकी वर्षे त्याने वडिलांच्या वस्तू जपल्या होत्या, पण वडिलांविषयी आईला काही विचारले नव्हते.

तो गाडीच्या आणखी जवळ आला, आईच्या शेजारी लाकडावर हात ठेवून चालू लागला आणि म्हणाला, “मग? दार उघडलंस का?”