ओढ्यापार गेलेली मुळी

फार पूर्वी, डोंगरातल्या एका ओढ्यावरचा बांबूचा साकव दर पावसाळ्यात वाहून जाई. शेवटी वैतागून एका म्हातारीने काठावरच्या रबराच्या वडाची लोंबती कोवळी मुळी सुपारीच्या पोकळ खोडात घातली आणि खोड ओढ्यावर आडवं टाकलं, म्हणजे मुळी त्यातून वाढत पलीकडे पोचेल आणि तिचाच साकव होईल.

ओढा खो खो हसला. "वर्षाला हातभर वाढणार तू! तोवर म्हातारी तरी राहील का?"

"नाही राहायची," मुळी म्हणाली. "तिलाही ठाऊक आहे. तरी खोड कुजलं की ती बदलणारच ना? मग मी कशाला थांबू?"

म्हातारीमागे लेक खोड बदलत राहिली, लेकीमागे नात. अखेर मुळीने पलीकडची माती धरली. मागोमाग तिच्या बहिणींनीही.

त्या पावसाळ्यात ओढा जीव खाऊन आदळला. मुळ्यांवरून नात टोपली घेऊन निवांत चालली होती.

"मोडत कशी नाहीस गं?" ओढ्याने धापा टाकत विचारलं.

"तुझंच पाणी पिऊन जाड झालेय. असाच येत जा. अजून बरंच वाढायचंय मला."