आठ गावांच्या पाण्याचा गोफ

फार पूर्वीची गोष्ट आहे. किती पूर्वीची म्हणाल, तर तेव्हा प्रधान लोक पायी फिरायचे आणि चूक झाली तर चारचौघांत कबूलही करायचे, इतकी पूर्वीची.

एका डोंगराळ राज्यात एक बंधारा होता. त्यातून एक लांबलचक पाट निघे आणि एकामागून एक आठ गावांना पाणी देत जाई. एकेका गावाची पाळी दोन दोन दिवसांची. आठव्या गावाची पाळी झाली की पुन्हा पहिल्यापासून. या पाळ्यांची नोंद राजधानीत एका वहीत असे आणि ती वही एका कारकुनाकडे असे. कारकून तसा वाईट नव्हता, पण त्याला फणस फार आवडत. ज्या गावचा फणस मोठा, त्या गावाची पाळी वहीत लवकर येई. मग पाटावर भांडणं होत, आणि दर उन्हाळ्यात दोन-चार डोकी फुटत.

शेवटच्या, म्हणजे आठव्या गावात एक पानमळेवाली बाई राहत असे. विड्याच्या पानांचा तिचा मळा अख्ख्या राज्यात प्रसिद्ध होता. शिमग्याला ती गावच्या मुलींना गोफ शिकवी. वर टांगलेल्या रंगीत दोऱ्यांची टोकं हातात धरायची आणि तालावर एकमेकींच्या आतून-बाहेरून नाचत वेणी विणायची, तो गोफ. सोडवायचा तर सगळ्यांनी मिळून उलटं नाचावं लागतं. एकटीला तो सोडवता येत नाही.

एकदा ती प्रधानाला म्हणाली, "प्रधानजी, पाण्याची नोंद वहीत कशाला ठेवता? गोफात ठेवा की. पाळी झाली की दवंडी पिटायची. आठही गावांनी आपापल्या चावडीत सारखीच गाठ मारायची आणि पुढची वीण तिच्यावरून न्यायची. कुणाला जुनी गाठ बदलायची असेल, तर वरची सगळी वीण उसवावी लागेल. तीही एका गावात नाही, आठही चावड्यांत. एवढे फणस आहेत कुणाकडे?"

प्रधानाला पटलं. त्याने लगोलग हुकूम लिहिला: 'बंधारा खातं, पाट खातं आणि शेत खातं यांनी आपापल्या सोयीने गोफ सुरू करावा.' शिक्का मारला आणि हात झटकून दुसऱ्या कामाला लागला. 'आपापल्या सोयीने' हे शब्द लिहिताना आपण फार उदार मनाचे आहोत, असंही त्याला वाटून गेलं.

खाती जोरात कामाला लागली. बंधारेवाल्या अधिकाऱ्याने तागाची दोरी घेतली आणि दिवस सूर्योदयापासून धरला. बंधारेवाल्याचं उचलायचं म्हणजे पाटवाल्याला कमीपणा वाटे. त्याने सुताची दोरी घेतली, पीळ उलटा दिला आणि दिवस सूर्यास्तापासून धरला. शेतवाला दोघांहून हौशी. त्याने रेशीम आणलं, गोंडे लावले आणि दिवसांऐवजी तिथ्या मोजायला घेतल्या. नारळ फुटले, हारतुरे झाले. प्रत्येक चावडीत तीन तीन गोफ लटकू लागले. पहिला गोफ कुणाचा, यावरून तिन्ही अधिकाऱ्यांचं एकमेकांशी बोलणं मात्र बंद झालं.

एक गोष्ट खरी, की आता खोटी गाठ कुणालाही मारता येईना. कारकुनाचे फणस बंद झाले. प्रधान तेवढ्यावर खूश होता.

मग वैशाख आला. एके सकाळी पानमळेवाली सहा कोस चालून प्रधानाच्या कचेरीत आली. तिने पदरातून एक पान काढून त्याच्यासमोर ठेवलं. कडेने काळं पडून ते वळलं होतं.

"आमची पाळी येऊन गेली म्हणतात, पण पाटाला थेंब नाही," ती म्हणाली. "वेलांना अजून चार दिवस दम आहे. पुढे पाणी आलं काय नि न आलं काय, वेल उठायचे नाहीत. माझ्या आजेसासूने लावलेला मळा आहे तो. आणि दुसरं सांगते. आमच्या गावची माणसं म्हणतात, सातव्या गावाने आमचं पाणी मारलं. काठ्या घेऊन बसलीत सगळी. मी परत येईपर्यंत हलू नका, असं सांगून आलेय."

प्रधानाने तिन्ही अधिकाऱ्यांना बोलावून घेतलं.

"माझ्या गोफात आठव्या गावाची गाठ आहे. पाळी झाली," बंधारेवाला म्हणाला. "आता पहिल्या गावाचा नंबर."

"माझ्या गोफात नाही," पाटवाला म्हणाला.

"माझ्याकडे तिथीचा क्षय आहे की वृद्धी, ते आधी बघावं लागेल," शेतवाला गोंडा कुरवाळत म्हणाला.

"पण तिघांत खोटा गोफ कुणाचा?"

"कुणाचाच नाही!" तिघेही एका सुरात म्हणाले. वर्षभरात त्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

नियमाने गेलं तर आठव्या गावाची पाळी पुन्हा यायला चौदा दिवस लागणार होते. प्रधान तापट होता, पण मनाचा हळवा. त्या वाळलेल्या पानाकडे त्याला बघवेना.

"कात्री आणा," तो गरजला. "कापून टाका तिन्ही गोफ! उद्याचं पाणी आठव्या गावाला. मी म्हणेन ती पाळी."

अधिकाऱ्यांनी माना डोलावल्या आणि कात्री आणून त्याच्या हातात दिली. त्यांचीही कटकट मिटत होती. पानमळेवालीला तर आयतं पाणी मिळत होतं. ती गप्प बसली असती तरी तिला कुणी नावं ठेवली नसती.

"मला पाणी हवंय, प्रधानजी. देवाशपथ हवंय," ती म्हणाली. "पण उद्या सातव्या गावचा माणूस माझ्या आधी तुमच्या दारात आला, की तुमचा शब्द त्याचा. मग तो फणसवाला कारकून काय वाईट होता?"

प्रधानाचा चेहरा उतरला. "मग मी करू तरी काय?"

"गोफात दोऱ्या धरणाऱ्या आठ जणी असतात. आणखी एक जण बाजूला उभी राहून टाळ वाजवते. तिच्या हातात दोरी नसते, पण तिने ताल सोडला की सगळा गुंता होतो. तुम्ही आम्हाला दोऱ्या वाटल्यात आणि टाळ खिशात घालून घरी गेलात."

प्रधानाला राग आला. चांगलाच आला. भर कचेरीत, तिन्ही अधिकाऱ्यांसमोर कुणी त्याला असं बोललं नव्हतं. पण समोर ते पान होतं. त्याने कात्री खाली ठेवली.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "चला, आत्ताच निघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातव्या गावच्या चावडीत सगळे जमले. रातोरात निरोप गेले होते, त्यामुळे आठही गावांचे पाटील आपापल्या चावडीतले गोफ घेऊन आले होते. आठव्या गावची माणसं काठ्यांसह आली होती. मधोमध प्रधान उभा राहिला, हातात टाळ घेऊन. त्याला ते जरा विचित्र वाटत होतं, पण तो तसाच उभा राहिला.

"आधी दिवस ठरवू," तो म्हणाला. "दिवस सूर्योदयापासून."

"पण तिथी..." शेतवाल्याने सुरुवात केली.

"तिथी उपासाला ठेवा. पाणी उन्हाने मोजायचं. आता मला सांगा, तुम्ही गाठ मारता ती नक्की कधी?"

हा प्रश्न आजवर कुणी विचारलाच नव्हता.

"पाणी सोडलं की," बंधारेवाला म्हणाला.

"गावच्या वेशीशी पोचलं की," पाटवाला म्हणाला.

"गावचं शेवटचं वावर भिजलं की," शेतवाला म्हणाला.

प्रधानाने कपाळावर हात मारून घेतला. तिघेही वर्षभर 'पाणी दिलं' असंच म्हणत होते, आणि प्रत्येकाचं देणं निराळं होतं.

मग त्याने तिन्ही गोफ शेजारी शेजारी पसरायला लावले आणि टाळ वाजवायला सुरुवात केली. टाळाच्या एकेका ठोक्याला एकेकाने आपली गाठ वाचायची. "सोडलं." "पोचलं." "भिजलं." पहिलं गाव, दुसरं गाव, तिसरं गाव. ताल असा जमला की पाटीलही माना हलवू लागले. शेवटी आठव्या गावाची पाळी आली.

"सोडलं," बंधारेवाला म्हणाला.

पाटवाल्याची बोटं अडखळली. "सातव्या गावच्या वेशीपर्यंत पोचलं. आठव्याच्या नाही."

सगळी चावडी सातव्या गावच्या पाटलाकडे वळली. काठ्या वर झाल्या. पाटील पांढराफटक पडला.

"थांबा!" प्रधान ओरडला आणि त्याने टाळ वाजवला. "अजून तिसरी गाठ राहिलीय. शेतवाले, बोला. त्या दोन दिवसांत सातव्या गावात काय भिजलं?"

शेतवाल्याने गोफ पुन्हा पुन्हा चाचपला. आठही गावांचे गोफ ताडून पाहिले. "काही नाही," तो म्हणाला. "एक वाफासुद्धा नाही."

म्हणजे पाणी सातव्या गावापाशी आलं होतं, सातव्या गावाने ते घेतलं नव्हतं, आणि आठव्याला ते मिळालं नव्हतं. मग गेलं कुठं? सगळेच्या सगळे पाटाच्या कडेकडेने आठव्या गावाकडे चालू लागले. अर्ध्या कोसावर वळणाशी एक करंजाचं झाड होतं. त्याच्या मुळाशी खेकड्यांनी पाट पोखरून पोखरून चाळण केली होती. कड ढासळली होती आणि सगळं पाणी खालच्या घळीत उतरलं होतं. आधीपासूनच झिरपणाऱ्या पाण्यावर, वैशाखाच्या उन्हातही त्या घळीत गुडघाभर हिरवंगार गवत माजलं होतं.

काठ्यावाले बघतच राहिले. तेवढ्यात एक गलेलठ्ठ खेकडा बिळातून बाहेर आला, त्याने एवढ्या मंडळींकडे पाहिलं आणि तो पुन्हा आत गेला. आधी कुणीतरी एकटाच हसला, मग सगळेच हसले. सातव्या गावचा पाटील मटकन खाली बसला आणि हसता हसता डोळे पुसू लागला. दोन्ही गावांनी मिळून त्याच काठ्या भगदाडात रोवल्या, दगडमाती भरली, आणि दिवस मावळायच्या आत पाट सांधला.

तिथेच नवा गोफ घातला. तीन खात्यांचे तीन गोफ नाहीत, तीन पेडांचा एकच गोफ. एक पेड सोडल्याचा, एक पोचल्याचा, एक भिजल्याचा. तिन्ही गाठी पडल्या तरच पाळी पुरी. आठव्या गावाची पाळी अजून पुरी झालीच नव्हती, हे मग सगळ्यांनाच कबूल झालं. बंधारेवाल्याने स्वतः जाऊन बंधाऱ्याचं दार उघडलं.

चौथ्या दिवशी सकाळी पाणी आठव्या गावात शिरलं. काडीकचरा पुढे ढकलत, फेस धरत ते पानमळ्यात आलं. सगळं गाव बांधावर उभं होतं. प्रधानही होता. वाफ्यांतून पाणी पुढे सरकत होतं, आणि पानमळेवाली अगदी शेवटच्या वेलाशी जाऊन बसली होती.

"भिजलं का?" प्रधानाला राहवेना.

"थांबा. मुळाशी तर जाऊ दे."

राज्याचा प्रधान थांबला. ती गाठ त्याच्या शब्दावर पडणार नव्हती. बाईने मुळाशी बोटं घातली, मूठभर माती काढली, दाबून पाहिली. मग ती उठली आणि केवढ्याने तरी ओरडली, "भिजलं!"

हलगी वाजली. तिचा आवाज ऐकून सातव्या गावात वाजली, मग सहाव्यात, पाचव्यात, लांब लांब होत पार बंधाऱ्यापर्यंत. आठ चावड्यांत आठ गाठी एकामागून एक पडल्या. प्रधान नव्या जोड्यांसकट पाय पाण्यात सोडून बांधावर बसला.

तात्पर्य इतकंच: नवी युक्ती सगळ्यांना वाटून टाकली म्हणजे काम झालं असं नाही, राज्य करणाऱ्याने दोरी न ओढता ताल धरावा, आणि काम झालं की नाही ते रांगेतल्या शेवटच्या माणसाला विचारावं.