पाटीमागचं पाणी

“मग ते पाणी ओझं का उचलतं?” भिकाजीबुवांनी विचारलं.

“वाट नसते म्हणून,” शलाका म्हणाली. “खोल खडकात पाणी अडकतं. वर डोंगर बसतो. पाणी निघून गेलं तर डोंगराचा भार दगड पेलतो. जायला जागाच नसेल तर तो भार पाण्यावर येतो. दाब वाढत जातो.”

“आणि मग?”

“मग कुणीतरी वरून भोक पाडतं, आणि ते उसळून येतं. लोखंडी नळ भिरकावून देतं. डॉक्टरेटसाठी मी सहा वर्षं याचाच अभ्यास केला, बुवा.”

“सहा वर्षं. आणि ते पाणी किती वर्षं अडकलेलं असतं?”

“लाखो.”

“मग तू लवकर सुटलीस, बाय.”

शलाका हसली नाही. तिचं लक्ष मठामागच्या भिंतीकडे होतं.

मठात येण्याआधी बुवांनी चाळीस वर्षं विहिरी खणल्या, दगडावर दगड ठेवून गडगे रचले. शाळा दुसरीपर्यंत. शलाका मेस्त्री मठाच्याच वाडीतली. लहानपणी विहिरीच्या काठावर बसून ती आत खडा टाकायची आणि आवाज येईपर्यंत आकडे मोजायची. तो खेळ बुवांनीच शिकवला होता.

मठामागे डोंगर. त्याला धरून बुवांनी रचलेला जांभ्याचा जुना गडगा होता. त्यात चुना नव्हता, सिमेंट नव्हतं. पावसात तो गळायचा, अंगणात चिखल व्हायचा, पंगतीतल्या माणसांची धोतरं भिजायची. गेल्या वर्षी वाडीने तो काढला आणि शलाकाकडून काँक्रीटची भिंत आखून घेतली.

या पावसात भिंतीतून अंगणात थेंबही आला नव्हता. भिंतीला मात्र पोट आलं होतं.

उद्या मठाची पंगत होती. दोनशे पानं त्या भिंतीखाली बसणार होती.

“माझं गणित बरोबर आहे,” शलाका म्हणाली. “तीनदा तपासलं.”

“असेल.”

“पाऊस जास्त झाला. माती नमुन्यापेक्षा चिकट निघाली.”

“असेल.”

“सकाळी भिंतीमागे नळी उतरवून मोजलं. चार मीटर पाणी उभं आहे.”

“दोन पुरुष उंच आणि वर थोडं,” बुवा म्हणाले.

“पंगत पुढे ढकला. मी माणसं आणते. टेकू लावू.”

“टेकू लावून पोट उतरतं होय गो?”

मठाचे कारभारी दत्ताराम घाडी दारात उभे होते. त्यांना राहवलं नाही. “ढकला म्हणतात डॉक्टरीणबाई! पत्रावळी आल्या, भाजी आली. पंगत ढकलाल, पण पाऊस कुठे ढकलाल?”

बुवांनी हात वर केला.

“बाय, पाणी जायला भिंतीत भोकं ठेवली होतीस?”

“एकवीस.”

“कुठं आहेत?”

शलाकाने पाट्यांकडे बोट केलं.

भिंतीवर एकवीस संगमरवरी पाट्या होत्या. ज्या घरांनी भिंतीसाठी खडी वाहिली, त्या प्रत्येक घराची एक. उघडी भोकं वाडीला बरी दिसली नव्हती. सारख्या अंतरावर होती, म्हणून त्यांच्यावरच पाट्या बसवायला जागा आयती मिळाली. मधली, सर्वांत खालची पाटी मोठी होती. तिच्यावर शलाकाचं नाव होतं, पदवीसकट.

“सूत धरून लावल्या आम्ही,” दत्ताराम म्हणाले. “एकही वाकडी नाही...” बोलता बोलता त्यांचा आवाज खाली आला.

बुवांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. “बाय, उद्घाटनाला तू आली होतीस.”

“हो.”

“तेव्हा दिसलं होतं?”

पागोळ्या गळत होत्या.

“दिसलं होतं,” शलाका म्हणाली. “म्हटलं, नंतर सांगू. आईला वाचता येत नाही, बुवा. ती बोटाने माझं नाव चाचपत होती. एकेक अक्षर.”

“म्हणून बोलली नाहीस?”

“तेवढ्यासाठीच नाही. मलाही बरं वाटत होतं.”

बुवा उठले. आतून छिन्नी आणि हातोडा घेऊन आले आणि तिच्या मांडीवर ठेवले.

“असं कसं?” ती म्हणाली. “प्रत्येक पाटीमागे एक घर आहे. काहींवर गेलेल्या माणसांची नावं आहेत. आधी घरोघर विचारायला हवं.”

“तुझ्या पाटीला कोणाला विचारायचंय?”

शलाका उठली. दत्तारामांना तिने अंगण रिकामं करायला सांगितलं आणि भिंतीपाशी गेली. बुवा मागोमाग आले.

“तुम्ही लांब व्हा. पाणी कसं येईल, सांगता येत नाही.”

“सहा वर्षं शिकून सांगता येत नाही?”

“नाही.”

“मग इथंच बसतो,” बुवा म्हणाले आणि बाजूच्या चिऱ्यावर बसले.

ती जरा कडेला झाली. पहिल्या घावाला पदवी उडाली. दुसऱ्याला तडा आडनावापर्यंत गेला. तिसरा घाव घालायची वेळ आली नाही. पाटी आपणच निघाली. मागून जांभ्याच्या रंगाची धार आली आणि खांद्यावर बसताच शलाका चिखलात पडली.

दत्ताराम धावले. बुवांनी त्यांना हातानेच थांबवलं.

शलाका बसल्या जागेवरून धारेकडे पाहत होती. “गढूळ आहे,” ती म्हणाली. “गढूळच राहिली तर मागची माती वाहून येतेय. मग भिंत गेली. नितळ झाली तर वाचली.”

“किती वेळ?”

“माहीत नाही.”

बुवांनी तांब्या धारेखाली धरला. आत पाहिलं. ओतून टाकला. पुन्हा धरला.

दत्ताराम घरी गेले आणि हातोडा घेऊन आले. त्यांच्या वडिलांच्या नावाची पाटी डावीकडून तिसरी होती. त्यांनी आधी तिला नमस्कार केला, मग घाव घातला. ते पाहून शेजारच्या घरातला एक जण आला. मग आणखी दोघे. कुणालाच विचारावं लागलं नाही.

दुपारी बुवांच्या तांब्याचा तळ दिसू लागला.

शलाकाने पुन्हा नळी उतरवली. पाणी एक पुरुष उतरलं होतं. ती हसली, आणि हसताहसता तिला रडू आलं. चिखलाच्या हातांनी तिने तोंड पुसलं. ते आणखीच माखलं.

“पंगत या भिंतीखाली नको,” ती दत्तारामांना म्हणाली. “पोट अजून तसंच आहे. पावसाळा संपला की मी येऊन बघेन. उद्या पुढच्या ओटीवर बसवा, दोन खेपांत.”

“डॉक्टरीणबाई म्हणतील तसं,” दत्ताराम म्हणाले. या वेळी त्यात टोमणा नव्हता.

बुवांनी तांब्यातल्या पाण्याने तिचं तोंड धुतलं, लहान पोरीचं धुवावं तसं. शलाकाने धुवू दिलं. तिच्या पायाशी पाटीचे तुकडे पडले होते. एकावर तिच्या नावाचं पहिलं अक्षर होतं.

“बुवा, आईला काय सांगू?”

बुवांनी तांब्या पुन्हा धारेखाली धरला.

“उद्या घेऊन ये तिला. म्हणावं, इथं बोट लाव.”