मैनेचा टीव्ही आणि हरबाचे बोट

एका गावात एक भोळा बाप राहत होता. त्याचे नाव हरबा. कोणी काही सांगितले, की तो ते शब्दन् शब्द पाळत असे. आणि एकदा शिकलेले पुढच्या खेपेला हटकून वापरत असे.

त्याची मुलगी मैना पाच वर्षांची होती. सकाळी उठली, की ती टीव्हीसमोर बसे; जेवणही तिथेच. एके दिवशी बालवाडीच्या अनसूयाबाईंनी हरबाला बोलावून घेतले.

"मैना हाक मारली तर मान वळवत नाही. काही विचारलं तर उत्तर देत नाही. गोष्ट पुरती ऐकत नाही. जूनपर्यंत हे असंच राहिलं, तर तिला आणखी वर्षभर माझ्याकडेच बसू द्या."

हरबाच्या मनात आले, गल्लीतली सगळी मुले पहिलीत जाणार आणि मैना एकटी मागे राहणार. त्याने उपाय विचारला.

"तिला टीव्हीपासून दूर बसवा."

हरबाने मैनेचा पाट अंगणाच्या टोकाला मांडला आणि टीव्ही दारात आणून ठेवला. इतक्या लांब ऐकू कसे येणार, म्हणून आवाज वाढवला. संध्याकाळी निम्मी गल्ली अंगणात येऊन बसली. त्याची बायको सुंदरा चहा करून दमली.

बाई म्हणाल्या, की दूर नेऊन काय उपयोग, कापडाने झाकायचा.

हरबाने टीव्ही चादरीने झाकला. बंद करायला कोणी सांगितले नव्हते, म्हणून चालूच ठेवला. मैना चादरीकडे पाहत बसली. दुसऱ्या दिवशी बाईंनी चित्रांचे पुस्तक दिले आणि ते मुलीला रोज दाखवायला सांगितले. हरबाने तेही जुन्या लुगड्यात बांधले, वर गाठ मारली, आणि मैनेला रोज गाठोडे दाखवले.

हे कळल्यावर बाई म्हणाल्या, "अहो हरबा, झाकायचं कशाला? उघडायचं. एकेका गोष्टीवर बोट ठेवून 'हे काय?' म्हणून विचारायचं, आणि उत्तर मिळेपर्यंत थांबायचं."

हरबाने घरी येऊन टीव्ही आणि पुस्तक दोन्ही उघडले. तेवढ्यात शेजारच्या लग्नाचे बोलावणे आले. पंगतीत त्याने कोशिंबिरीवर बोट ठेवले आणि वाढप्याला विचारले, "हे काय?" वाढपी घाईने पुढे गेला. हरबा थांबला. पंगत उठायची ती एकदम. सगळ्यांची जेवणे आटोपली, हात वाळले, पुढच्या पंगतीची माणसे ताटकळली. शेवटी नवरदेवाच्या मामांनी वाकून सांगितले, की ही काकडी आहे. मग हरबाने बोट मठ्ठ्याकडे वळवले.

बाईंच्या कानावर हे गेले. "पंगतीत नव्हे, हो. घरी. एरवी तुमचा टीव्ही चालतो ना, त्या वेळी."

त्या वेळी हरबाने टीव्ही लावला. बातम्या सांगणाऱ्या बाईंच्या नाकावर बोट ठेवून विचारले, "हे काय?" त्या बोलतच राहिल्या. त्याने हाक मारली. मान वळली नाही. रोज संध्याकाळी तो पडद्यापुढे असा आडवा उभा राही, की मैनेला टीव्ही दिसेना. मग ती बापाकडेच पाहू लागली.

एकदा ती म्हणाली, "आप्पा, ते नाक आहे. त्यांना तुमचं ऐकू येत नाही."

"तुला येतं?"

"मला येतं."

पुढे पुढे टीव्हीला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर मैना देऊ लागली. मग तिने पुस्तक आणून त्याच्या बोटाखाली सरकवले आणि म्हणाली, "आता हे विचारा."

जूनमध्ये बाईंनी सशाची गोष्ट सांगितली. मैनेने ती शेवटपर्यंत ऐकली, आणि ससा आता जेवला का, असे विचारले. बाईंनी तिला आनंदाने पहिलीत पाठवले.

दुसऱ्या दिवशी हरबा बालवाडीच्या दारात उभा. डोक्यावर टीव्ही. टीव्हीच्या कोपऱ्याला काजळाची तीट, आणि हरबाच्या खांद्यावर मैनेचे जुने दप्तर.

बाईंनी टीव्हीवर बोट ठेवले. "हे काय?"

"टीव्ही," हरबाने लगेच उत्तर दिले. "हाक मारली तर मान वळवत नाही. विचारलं तर उत्तर देत नाही. दुसऱ्याचं पुरतं ऐकत नाही, आपलंच चालू ठेवतो. मैनेची जागा रिकामी झालीच आहे, बाई. याला वर्षभर तुमच्याकडेच बसू द्या."